हातचा एक

टोलेडोतल्या त्या स्वयंपाकघरात
रविवारी चर्चहून आलं की
आई कोट न काढताच टेबलाशी बसायची.
हीटर बासष्टवर. त्याच्या वर नाही.
नाताळला चौसष्ट.

तीन कार्डं, मिळून अकरा हजार सहाशे चाळीस डॉलर.
कुणी आजारी पडलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं.
बाबा सिनसिनाटीला गेले, तिथेच राहिले,
मग तिला झोप येईना,
आणि रात्री दोन वाजता टीव्हीवरची बाई
तिच्याशी फार गोड बोलायची.
सुऱ्यांचा संच. चिनी मातीचे सात देवदूत.
पाव भाजायचं यंत्र.

देवदूत अंगणात मांडून विकले, दोन डॉलरला एक.
सातव्याचा पंख तुटका, तो कुणी घेतला नाही.
यंत्र मात्र तिनं ठेवून घेतलं.
म्हणाली, ह्याचं व्याज मी भरतेय ना,
मग हे राबेल.
राबलं बिचारं. पाच वर्षं पहाटे साडेचारला
खडखडत पीठ मळायचं, ओट्यावरून सरकत सरकत
कडेला यायचं, आणि माझा भाऊ कॅझ
झोपेतच उठून त्याला मागे ढकलायचा.

कार्डवाल्यांची पाकिटं यायची, खिडकीची,
आत चेक घालून परत पाठवायला.
आई पैसे काउंटरवर जाऊन भरायची.
तेवढंच टपालाचं तिकीट वाचायचं, आणि पाकीट उरायचं.
त्या खिडक्यांत तिनं चिठ्ठ्या सरकवल्या:
भाडं. गॅस. किराणा. बूट. दात.
ज्यांचं देणं, त्यांच्याच पाकिटांत आमचा संसार.

बेरीज माझ्याकडे.
आठ आणि सात पंधरा, पाच लिही, हातचा एक.
‘तो विसरू नकोस,’ ती म्हणायची,
‘माणूस हातच्यातच बुडतं.’

गॅस दरवर्षी जानेवारीत दातांकडे हात पसरायचा.
मी चिठ्ठी लिहायचे: गॅसने दातांकडून सहा डॉलर घेतले.
बुटांनी चार. किराण्याने अकरा, माफी मागून.
दात कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत.

पाचवीत असताना मी त्याच पाकिटातून दोन डॉलर काढले.
वर्गाची सहल होती, तारांगणाची.
त्या रविवारी हिशेब जुळेना.
आई अकरापर्यंत बसली, पेन्सिल कानामागे,
शाळेच्या भटारखान्यातल्या वाफेनं सुजलेली बोटं
एकेका खिडकीवर ठेवत.
माझ्याकडे तिनं एकदाच पाहिलं.
मग कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.
मी लिहिलं. खाली सही केली, पूर्ण नावानिशी.
दर शुक्रवारी पंचवीस सेंट, आठ शुक्रवार.
व्याज तिनं लावलं नाही.
तारांगणात काय पाहिलं ते मात्र विचारलं,
आणि शनीच्या कड्यांपाशी थांबवून
पुन्हा सांगायला लावलं.

शेवटचा हप्ता मार्चमध्ये गेला.
काहीच घडलं नाही. यंत्र खडखडलं,
कॅझनं ते ढकललं.
तीन आठवड्यांनी कंपनीकडून चेक आला:
आपण जास्त भरलेले एक्केचाळीस सेंट.
आई हसली, तोंडावर हात धरून हसली,
मग हातात चेक घेऊन
बराच वेळ पाकिटांपुढे उभी राहिली.
त्या पैशाला नाव नव्हतं.

आता मी कोलंबसला असते. पगार बरा आहे,
हिशेब फोन करतो.
ती आली की बाहेर जेवायला नेते,
ती आधी मेन्यूची उजवी बाजू वाचते.
दाढ केव्हाच नीट करून घेतली,
तीही रोख देऊन.
तरी घास अजून डावीकडेच चावते.
‘दुखतं का?’ मी विचारते.
‘नाही गं,’ ती म्हणते,
आणि उरलेला पाव
रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवते.